एक कमी ऐंशी

गाडीची पाटी बदलून घ्यायला जाणार असाल, तर नंबर सुटा करून सांगा. सात, नऊ. असा. मध्ये हवा तर श्वास घ्या. आकडे जोडून त्यांचा मराठी शब्द करायच्या भरीला पडू नका; मी पडलो. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात. मीही असंच म्हणायचो, पण तेव्हा मी माझ्या घरी राहत होतो.

सुरुवात आमच्या पार्किंगमधल्या खांबाने केली. हा खांब वर्षानुवर्षं एकाच जागी उभा आहे असं इमारतीतले लोक सांगतात. माझा अनुभव वेगळा आहे. एकदा त्याने माझ्या गाडीच्या डाव्या दाराला पोचा पाडला, आणि त्या दिवशी मी गाडी मागे घेत असताना त्याने पुढे येऊन मागची नंबराची पाटी मधोमध दुमडली. बायको शेजारी बसली होती. तिने "अहो" एवढंच म्हटलं. आमच्या घरी या शब्दाचे चार अर्थ होतात: हाक, सूचना, निषेध आणि पंचनामा. हा पंचनामा होता.

खालच्या मजल्यावरचे शेजारी आवाज ऐकून बाहेर आले. त्यांना इमारतीत सगळे तज्ज्ञ म्हणतात. गळका नळ, विमा, सुनेचा स्वभाव, कशावरही त्यांचं मत तयार असतं, आणि ते ऐकून घ्यायला त्यांना समोर माणूस लागतोच असं नाही. ते पाटीसमोर उकिडवे बसले.

"ठोकून सरळ करतो," मी म्हटलं.

"ठोका की. हौस फिटेल तुमची. पण या पाट्या आता बंद झाल्या. नव्या पद्धतीची बसवावी लागते. कुलपाची."

"पाटीला कुलूप?"

"एकदा बसलं की निघत नाही. काढायची तर तोडावी लागते, तीही ऑफिसच्या परवानगीने. आणि ती नसेल तर पुढची नोंदणी होत नाही. नोंदणी नाही, तर गाडी भंगारात."

भंगार हा शब्द मला लागला. आमचं घर बायकोच्या नावावर आहे, फोन माझ्या कंपनीच्या नावावर आहे, वर्तमानपत्रसुद्धा अजून सासऱ्यांच्या नावाने येतं. जगात माझ्या नावावर अशी एक ही राखाडी गाडीच होती. ती गेली असती तर मी अमुक एक माणूस आहे, हे कागदावर म्हणायला जागा उरली नसती.

मी पाटीवाल्याला फोन लावला. त्याच्या दुकानात पत्रा कापायचं मशीन चालू असावं, कारण त्याचा प्रत्येक शब्द किसून बाहेर येत होता.

"गाडीचा नंबर बोला. शेवटचे दोनच आकडे सांगा, पुढचं सगळ्या जुन्या गाड्यांचं सारखंच आहे."

"एकोणऐंशी."

कर्रर्र.

"काय म्हणालात?"

इथे मी सात-नऊ म्हणायला हवं होतं. पण मी एका सुट्या भागांच्या गोदामात नोकरी करतो, तिथे दिवसभर आमच्याकडची तरुण मंडळी एकोणसाठ म्हटलं की माझ्याकडे मी मंत्र म्हणतोय असं पाहतात. मी ठरवलेलं आहे की आकडे मराठीतच म्हणायचे; ज्याला कळत नाहीत त्याने शिकावेत. म्हणून मी आवाज चढवून पुन्हा म्हटलं, "एकोणऐंशी."

"हां, ती होय. तयार आहे. कधीची पडलीये. घेऊन या गाडी."

गोदामात माझी हयात गेली, पण मागणीच्या आधी माल तयार असलेला मी कधी पाहिला नव्हता. तिथेच शंका यायला हवी होती. त्याऐवजी मी बायकोला म्हणालो, "याला म्हणतात सेवा."

पाटीवाल्याचं दुकान एका उतरत्या गल्लीच्या टोकाला होतं. भिंतीवर पाट्याच पाट्या. दुकानांच्या, डॉक्टरांच्या, "कुत्र्यापासून सावध" अशा आणि ज्यांच्यावर नुसतीच नावं आहेत अशा. त्यातल्या बऱ्याच कुणी न्यायला आलेलं नव्हतं. पाटीवाल्याने हात पुसत माझ्याकडे पाहिलं.

"बारीक झालात."

"आपण आधी भेटलोय?"

"ऑर्डर तुम्हीच दिली होतीत की. तेव्हा केस होते तुम्हाला."

माझे केस गेले याची नोंद अनोळखी माणसांनी ठेवावी, हे मला आवडलं नाही. मी ताठ उभा राहिलो. तेवढ्यात तज्ज्ञांचा फोन आला, पाटी बसवताना कुठे लक्ष ठेवायचं हे सांगायला. ते इतकं सविस्तर सांगत होते की मी गल्लीत जाऊन पाठमोरा उभा राहून ऐकलं. मागे टक् टक् असे आवाज आले. कुलपं बसली. मी गाडीत बसलो आणि घरी निघालो. आपल्या गाडीची पाटी आपल्याला कधी दिसत नाही. ती इतरांसाठी असते. आपल्या पाठीसारखीच.

आमच्या फाटकाला एक आडवा दांडा आहे. वर कॅमेरा आहे, तो नंबर वाचतो आणि दांडा उचलतो. त्या संध्याकाळी दांडा हलला नाही. मी हॉर्न दिला. वॉचमन केबिनमधून आला. हा माणूस आमच्या इमारतीत माझ्याआधीपासून आहे. माझी मुलगी लग्न होऊन दूर गेली तेव्हा तिच्या पेट्या यानेच गाडीत ठेवल्या होत्या.

"नंबर बसत नाही, साहेब."

"अरे, मी आहे."

"तुम्ही आहात ना. तुम्ही या आत. गाडी नाही येणार."

तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून बायको खाली वाकली. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, दिवसभर लोकांकडून शेवटच्या ओळीतली अक्षरं वाचून घेते. तिने तिथूनच वाचलं.

"आठ, एक. अहो, हा कुणाचा नंबर?"

एक्क्याऐंशी. पाटीवाल्याने एकोणऐंशीचं एक्क्याऐंशी ऐकलं होतं. मराठी भाषेने ऐंशीच्या दोन्ही बाजूंना दोन जुळे भाऊ उभे करून ठेवलेत आणि मध्ये मशीन चालू असलं की त्यांच्या आईलाही ओळखू येणार नाहीत. तज्ज्ञ खाली आले आणि त्यांनी प्रकरणाची छाननी केली.

"हे बघा. एकोणऐंशी म्हणजे एक कमी. एक्क्याऐंशी म्हणजे एक जास्त. तसं बघितलं तर फायदाच झालाय तुमचा."

गाडी रस्त्यावर ठेवून मी आत गेलो. दांडा माझ्यासाठी उचलला गेला नाही, मला खालून वाकून जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पाटीवाल्याकडे गेलो. त्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"एक्क्याऐंशीच म्हणालात तुम्ही. म्हणून तर मी शेल्फावरची जुनी काढली. आणि एकोणऐंशी विचाराल, तर ऑफिसकडून आलेल्या गठ्ठ्यात होती. ती तुम्ही नेलीत."

"मी कधी नेली?"

"काल. गेलात आणि लगेच परत आलात. राखाडी गाडी, डाव्या दाराला पोचा. मी म्हटलं सुद्धा, आत्ताच तर लावली. तुम्ही काही बोलला नाहीत. गठ्ठ्यातली पाटी उचलून पुढे केलीत, म्हणून बसवली."

मी हसलो. असा माणूस आपली चूक झाकायला काहीही सांगेल, असं मी मनात त्याच्या नावे टाकलं आणि नोंदणीच्या ऑफिसात गेलो.

त्या ऑफिसात काचेला एक भोक आहे, कमरेच्या उंचीवर. त्यामुळे तक्रार करायला आलेला प्रत्येक जण आधी नमस्कार करतो. भोकापलीकडे एक कारकून होता, नाक वाहत असलेला, पण मनाने शांत.

"काय तक्रार आहे?"

"माझ्या गाडीला चुकीचा नंबर बसलाय."

"नंबर चुकीचा नसतो," तो म्हणाला. "गाडी चुकीची असते." त्याने समोरच्या पडद्यावर पाहिलं. "एकोणऐंशीची नोंद पूर्ण आहे. पाटी बसली, कुलूप बसलं."

"पण माझ्या गाडीला नाही बसलं."

"मग ज्या गाडीला बसलं ती एकोणऐंशी."

"आणि मी?"

त्याने मान लांबवून खिडकीतून अंगणातल्या माझ्या गाडीकडे पाहिलं. "एक्क्याऐंशी."

मी चॅसिसचा मुद्दा काढला. गाडीच्या सांगाड्यावर तिचा जन्मापासूनचा नंबर कोरलेला असतो. तो काही पाटीवाला बदलू शकत नाही. कारकुनाने एक मेकॅनिक बरोबर दिला. त्याने सांगाड्यावर कागद धरून पेन्सिल घासली. पुढचे सगळे आकडे उमटले. शेवटच्या जागी नुसता गंज होता.

"असं होतं कधीकधी," कारकून म्हणाला. "आता एकच उपाय. दोन्ही गाड्या एकाच वेळी अंगणात उभ्या करायच्या. मग पाट्या तोडून अदलाबदल करू. दुसऱ्यालाही घेऊन या."

"दुसरा कोण आहे, मला कुठे माहीत?"

"तुमचा नंबर त्याच्याकडे आहे," तो नाक पुसत म्हणाला. "तो तुमच्या घराकडेच येणार."

मला हे विधान तेव्हा उर्मट वाटलं.

पुढचे काही दिवस मी एक्क्याऐंशी म्हणून हिंडलो. सवय कशाचीही होते. पंपावर नंबर विचारतात, तिथे मी एक्क्याऐंशी म्हणायला लागलो. पंपावरचा म्हातारा एकदा म्हणाला, "बऱ्याच दिवसांनी, साहेब. काचेला तोच फडका मारू ना, मऊ?" मी नाही म्हणायच्या आत त्याने खिशातून पिवळा फडका काढला. फडका जुना होता. तो धुऊन, घडी घालून ठेवलेला होता.

मग एका दुपारी रस्ता खोदलेला म्हणून मी एका अनोळखी बोळात वळलो. डाव्या हाताला एक लोखंडी फाटक होतं. मी नुसता समोरून जात होतो, तर ते उघडलं. आतला वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहिला.

"या, साहेब. बाईंना सांगतो."

मी गाडी मागे घेतली आणि मागे खांब नसल्यामुळे सुखरूप निसटलो.

घरी आलो तर जिन्यात तज्ज्ञ भेटले. त्यांनी माझा हात हातात घेतला. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं.

"काल मला स्टेशनपर्यंत सोडलंत, किती छान वाटलं हो. मी बोलत होतो आणि तुम्ही एकदाही मध्ये तोंड घातलं नाहीत. माझं एक वाक्य पूर्ण झालं, नंतर दुसरं पूर्ण झालं. मला भरून आलं."

"काल मी दिवसभर गोदामात होतो."

"हे बघा, चांगलं केलंत तर कबूल करायला लाजू नका."

मी खाली गेलो. वॉचमन म्हणाला, "गाडी आहे की जाग्यावर. आत्ताच आलात ना?" माझ्या जागी एक राखाडी गाडी उभी होती. पाटीवर सात आणि नऊ. बॉनेटला हात लावला, कोमट होतं. डाव्या दाराला पोचा होता. माझा पोचा मी त्या खांबाकडून कमावलेला आहे. याने तो कुठून आणला असेल, याचा मला राग आला. त्याहून मोठा राग वेगळ्याच गोष्टीचा आला. गाडी खांबाला खेटून, एका रेषेत, एकाच दमात लावलेली होती. इतक्या वर्षांत मला ते जमलेलं नाही. बायकोला दाखवावं म्हणून वर गेलो, तिला घेऊन खाली आलो, तर जागा रिकामी होती. फरशीवर तेलाचा एक थेंब होता. बायको म्हणाली, "थेंब दाखवायला चप्पल घालायला लावलीत?"

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी ती दुकानातून आली, पर्स खुंटीला लावली आणि म्हणाली, "आज न्यायला आलात, बरं वाटलं. चढ चढवत नाही हल्ली."

मी बैठकीच्या खोलीत होतो. पायात घरातल्या चपला होत्या. मी केव्हाचा तिथे बसलेला होतो.

"मी आलो नव्हतो," मी म्हटलं.

"असं काय करता? दारात सोडून गाडी लावायला गेलात ना."

"मी इथेच आहे. तू त्याचा चेहरा पाहिलास?"

"गाडीत नवऱ्याचा चेहरा कोण बघतं? नंबर बघितला आणि बसले."

"तो काही बोलला?"

"नाही. मला वाटलं, सुधारलात."

"आणि तू? तू त्याला काय म्हणालीस?"

चष्मा काढून तिने पदराने पुसला.

"काय म्हणणार? अहो म्हटलं."

त्या रात्री मी जेवलो नाही. आमच्या बायका आम्हाला नावाने हाक मारत नाहीत. अहो म्हणतात आणि आम्हाला वाटतं, हा आमचा मान आहे. मला पहिल्यांदा कळलं की अहो ही कोरी पाटी आहे. तिच्यावर आकडा नाही, कुलूप नाही, आणि ती कुठल्याही गाडीला बसते.

आता हे मिटवायलाच हवं होतं. दुसऱ्याच दिवशी मी त्या बोळात गेलो. फाटक उघडलं, वॉचमन उठला, आणि मी आत जाऊन खांब नसलेल्या पार्किंगमध्ये गाडी लावली. पहिल्या मजल्यावर एक दार अर्धं उघडं होतं. दारावर पाटी होती, तिच्यावरचं नाव उन्हाने उडालेलं. आत दिवसाढवळ्या दिवा चालू होता. माझ्या बायकोच्याच वयाची एक बाई समोर आली. तिने आधी खिडकीतून खाली गाडी पाहिली, मग मला पाहिलं. तिचा चेहरा पडला नाही. त्या चेहऱ्याला आता पडायचीही सवय उरली नसावी.

"तुम्ही ते नाही," ती म्हणाली.

"नाही. माझ्या गाडीला तुमच्या यजमानांचा नंबर बसलाय. चुकून."

"बसा. पाणी देते."

मी बसलो. खोली स्वच्छ होती. खुर्चीच्या हातावर चष्म्याचं रिकामं घर होतं, त्याच्यावर धूळ नव्हती.

"पाटी बदलायला म्हणून गेले होते," ती म्हणाली. "तेव्हाही कसलीशी नवी पद्धत निघाली होती. कुणाची तरी पाटी त्यांच्या गाडीला बसली. परत आले तर फाटकाने घेतलं नाही. मी इथून बघत होते. खाली हॉर्न देत होते."

"पायी यायचं ना वर."

"गाडी रस्त्यावर ठेवून? त्यांचा स्वभाव नाही तो. म्हणाले, नंबर दुरुस्त करून येतो. मग गाडी वळवली."

"तुम्ही शोधलं नाहीत?"

"शोधलं. ऑफिसात विचारलं, गाडीचा नंबर काय? म्हटलं, एक्क्याऐंशी. म्हणाले, या नंबराची गाडी सध्या कुठेच फिरत नाही." तिने माझ्यासमोर पाणी ठेवलं. "आता तुमची फिरते. तुम्ही ही पाटी त्यांना परत द्या. मग फाटक त्यांना आत घेईल. बाकी काही नको मला."

मी तिला शब्द दिला. माझा त्यात स्वार्थ होता, पण शब्द खरा होता. तिला तिचा माणूस हवा होता आणि मला माझी जागा. दोन्हीला एकच किल्ली लागत होती.

प्रश्न होता त्याला बोलावायचा. मी बायकोला म्हटलं, "तो तुला पुन्हा न्यायला आला, तर त्याला सांग. सोमवारी सकाळी नोंदणी ऑफिसच्या अंगणात ये."

"म्हणजे मी तुम्हाला सांगायचं, की तुम्ही तुम्हाला भेटायला या?"

"हो."

"बरं. आणि येताना भाजी आणा, हे कुणाला सांगू?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गॅलरीत थांबलो. राखाडी गाडी फाटकाशी आली, दांडा आदबीने वर गेला. बायको उतरली. खिडकीपाशी वाकून काही बोलली. बोलताना तिने टपावर हात ठेवला होता, माझ्याशी बोलताना ठेवते तसाच. वर आल्यावर म्हणाली, "सांगितलं. मान डोलावली."

"कसा आहे?"

"कसा असणार. तुमच्यासारखाच आहे." चहा ठेवता ठेवता ती पुढे म्हणाली, "गाडी बरी चालवतो."

सोमवारी मी ऑफिसच्या अंगणात पोहोचलो, तेव्हा ती गाडी आधीच उभी होती. आत कुणी नव्हतं. किल्ली लावलेलीच होती. मी अंगणभर पाहिलं, बाकांवरचे चेहरे पाहिले. प्रत्येक जण कुणाचा तरी नवरा दिसत होता. मेकॅनिकने कुलपं तोडली, पाट्या बदलल्या, नवी कुलपं लावली. टक् टक्. माझ्या गाडीवर सात-नऊ आलं. मला गाडीला मिठी मारावीशी वाटली, पण लोक होते.

कारकुनाने शिक्का मारला. "झालं. आता ही एक्क्याऐंशी घेऊन जा इथून. अंगणात गाडी ठेवायची नाही."

"ती माझी नाही."

"इथल्या फाटकावरून कळवलंय की तुम्हीच आणलीत. आधी ती आणलीत, मग ही."

मी भांडलो असतो. पण मला ती बाई आठवली, चालू ठेवलेला दिवा आठवला. म्हटलं, बारा भानगडी कशाला. ही तिच्या दारात सोडू, मग येऊन आपली घेऊन जाऊ; तिची किल्ली मेकॅनिककडे आहेच. आयुष्यात मी जी थोडी चांगली कामं केली आहेत, त्यांतलं हे एक. मी ते नावे टाकू की जमेला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

फाटक उघडलं. बाई जिन्यात आली होती. तिने काचेतून आत पाहिलं.

"ते नव्हते तिथे," मी म्हटलं. "गाडी तेवढी आणली."

तिने समजल्यासारखी मान हलवली. "नसणारच. ते तुमची घेऊन गेले असतील. इतकी वर्षं कुठलं ना कुठलं फाटक उघडेल म्हणून हिंडत होते ते. आता एक उघडतंय, तर सोडतील कशाला?"

मी रिक्षा करून ऑफिसात गेलो. अंगणात माझी गाडी नव्हती. घरी आलो. दांडा खाली होता, मी वाकून आत गेलो. वॉचमनने पाहिलं, पण तो उठला नाही. पायी येणाऱ्यांसाठी तो उठत नाही. माझ्या जागी माझी गाडी होती, खांबाला खेटून, एका रेषेत.

तिसऱ्या मजल्यावर मी बेल वाजवली. दार साखळीइतकं उघडलं. बायकोने चष्मा लावलेला होता. ती माझ्याकडे नीट पाहत होती, इतकं नीट तिने मला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"कोण?"

"मी."

"मी म्हणजे कोण? हे तर आंघोळीला गेलेत."

आत पाण्याचा आवाज येत होता. बादलीत तांब्या आपटण्याची ती लय माझी होती. तिच्यावरून आमचं बोलणं झालेलं आहे.

"अगं, तो नव्हे, मी. पाट्या आत्ताच बदलल्या. सगळं सरळ झालंय."

तिच्या कपाळाला आठी पडली. तिला मदत करायची होती, हे मला दिसत होतं. दुकानात एखाद्याला शेवटची ओळ वाचता येत नसली की ती अशीच आवाज मऊ करते.

"मग सांगा बरं. आमच्या गाडीचा नंबर काय?"

मी तोंड उघडलं. पंपावर, फाटकावर, काचेच्या त्या भोकापाशी मी जे म्हणत आलो होतो, तेच जिभेच्या टोकावर येऊन बसलेलं होतं. "एक्क्या," मी म्हटलं, आणि थांबलो, आणि ऐंशीच्या अलीकडचा तो शब्द शोधू लागलो.

आतलं पाणी थांबलं. माझ्याच आवाजात, ठणठणीत मराठीत, कुणीतरी म्हणालं, "एकोणऐंशी."

"अहो," बायको मला म्हणाली, "तुमचं काहीतरी चुकतंय." आणि तिने हळूच दार लावून घेतलं. अहो म्हणाली. शेवटी एवढं तरी जमा आहे.

तेव्हापासून मी पहिल्या मजल्यावर असतो. बाहेरच्या खोलीत माझी खाट आहे, खिडकीशी खुर्ची आहे, ते चष्म्याचं घर माझ्या चष्म्याला बरोबर होतं. बाई सज्जन आहेत. दिवसा दिवा लावत नाहीत आता. कामाला मीच गाडी नेतो आणि परत येताना फाटक आपोआप उघडतं. वॉचमन उठून उभा राहतो, जे माझ्या बाबतीत आधी कधी घडलं नव्हतं. परवा सिग्नलला शेजारी राखाडी गाडी थांबली. मागे तज्ज्ञ बसले होते, बोलत होते, आणि शेजारच्या सीटवरून बायकोने माझ्या पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ओळखीच्या माणसाला करतात तशी मान हलवली.

काल जेवताना बाई मला म्हणाल्या, "अहो, दारावरच्या पाटीवरचं नाव गेलंय. नवी करून घ्यायची का?"

मी घास खाली ठेवला आणि हात जोडले. म्हटलं, काय वाटेल ते सांगा, पण पाटी बदलायला मला पाठवू नका.